काजळ्याच्या पुढं

चिंचमाळात पोरीचं नाव ठेवायचं असलं की आत्या येते, कानात कुर्र करते, घुगऱ्या वाटते आणि विषय संपतो. बैलाचं नाव ठेवायचं असलं की पारावर आठ-आठ दिवस खल चालतो. पुंजाराम झंजाडाच्या घरी मोनिका जन्मली तेव्हा पुंजाराम बेल्ह्याच्या बाजारात खोंड बघत होता. खोंडाचा सौदा फिसकटला आणि घरी येऊन बघतो तर पोरगी. दोन्हीचं वाईट त्याला एकदमच वाटलं, त्यामुळं कशाचं किती वाटलं हे त्याच्या बायकोला, सुरेखाला, कधी कळलं नाही.

मोनिका पाचवीत गेली तेव्हा त्याला मनासारखा खोंड मिळाला. पांढराशुभ्र खिलारी, डोळ्यांच्या कडा काळ्याभोर. पारावरच्या मंडळींनी नाव ठरवलं, काजळ्या. त्या दिवशी पुंजारामानं गावाला पेढे वाटले. मोनिकालाही एक मिळाला.

चिंचमाळ पारनेर तालुक्यातलं. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, पण गावात बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं. भैरोबाच्या देवळाखाली मुरमाचा लांब चढ आहे, त्याला घाट म्हणतात. हलका गाडा जुंपायचा, बैल चढाला सोडायचे आणि त्यांच्या पुढं एक घोडी पळवायची. घोडी पुढं दिसली की बैल ईर्षेनं पळतात. त्या वर्षांत शर्यतींवर कोर्टाची बंदी होती. पुंजारामाला तिचं काही सोयरसुतक नव्हतं.

“बंदी शर्यतीवर हाय, पळायवर न्हाई,” तो म्हणायचा आणि रोज सकाळी काजळ्याला घाटात न्यायचा.

अडचण एकच होती. घोडी नव्हती. घोडी पाळायची तर तिला खुराक वेगळा, गोठा वेगळा. दोन-तीन दिवस काजळ्या नुसताच घाटात उभा राहिला, शेपटी हलवत. चौथ्या दिवशी पुंजारामानं पोरीला झोपेतून उठवलं.

“मोने, चल. काजळ्याच्या पुढं पळायचं.”

“मंग शाळा?”

“शाळा कुठं पळून चाललीय? आदी तू पळ.”

घाटाच्या पायथ्याला त्यानं तिला उभं केलं आणि एकच धडा दिला. “मागं बगायचं न्हाई. मागं बगितलंस की बैल अंगावर आलाच म्हून समज. वर देऊळ दिसतंय ना, तितकंच बगायचं.” मग त्यानं कासरा सैल सोडला.

पाठीमागून खुरांचा आवाज आला, नाकपुड्यांचा फुत्कार आला आणि मोनिका पळाली. भीतीनंच पळाली. पुढं भीती कमी झाली, पळणं राहिलं. काजळ्या वाढत गेला तसा तो जोरात पळायला लागला आणि त्याच्या हिशेबानं तिलाही जोर वाढवावा लागला. एकदा पावसाळी दिवसात तिचा पाय निसटला आणि ती आडवी झाली. काजळ्यानं तिच्यावरून उडी घेतली, पण मागचा खूर खांद्याला लागलाच. पुंजाराम धावत आला तो आधी बैलाजवळ गेला. चारी पाय उचलून बघितले, गुडघे चाचपले. मग पोरीकडं वळून म्हणाला, “वाचला गं. पाय मोडला आसता त्याचा.” खांद्यावरचा वण मोनिकाच्या अंगावर अजून आहे. त्या दिवशी तिला हळद लावली ती सुरेखानं.

खुराक मात्र दोघांचा एकाच घरातून निघायचा. काजळ्याला उडदाचं पीठ, दूध, अंडी. त्याच्या घमेल्यात उरेल ते पीठ सुरेखा नवऱ्याचा डोळा चुकवून पोरीच्या भाकरीत मळायची. बैलाचं उष्टं खाऊन पोर वाढली असं कुणी म्हटलं, तर ते खोटं म्हणता येणार नाही.

हायस्कूलला इब्राहिम सर खेळ शिकवायचे. मूळचे कोल्हारचे, नोकरीनिमित्त इकडं आलेले, जुन्या मोटारसायकलीवर फिरणारे. शाळेच्या शर्यतीत मोनिकानं मुलींना तर मागं टाकलंच, वरच्या वर्गातल्या पोरांनाही टाकलं. सरांनी तिला बाजूला घेतलं.

“कुठं सराव करतेस गं?”

“काजळ्याच्या पुढं.”

“कोण काजळ्या?”

“आमचा बैल.”

सर हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात येऊन त्यांनी डोळ्यांनी बघितलं, तेव्हा त्यांचं हसू जिरलं. ते पुंजारामाला म्हणाले, “मालक, ही पोरगी माझ्याकडं द्या. आठशे मीटर पळेल ही. मैदानाला दोन फेऱ्या. एवढा दम मी कुठल्या पोरीत बघितला नाही.”

“न्या की,” पुंजाराम म्हणाला. “आमचं काय म्हननं न्हाई. फकस्त सकाळचं सोडता यायचं न्हाई तिला.”

म्हणजे सकाळी बैलाच्या पुढं आणि संध्याकाळी सरांच्या पुढं असं मोनिकाचं दोन पाळ्यांचं काम सुरू झालं. तालुका झाला, नगरच्या वाडिया पार्कवर जिल्हा झाला, मग राज्य. सरांना एकच डोकेदुखी होती. तिला कुणाच्या मागं पळताच येत नव्हतं. शिट्टी वाजली की ती पुढं निघायची आणि पुढंच राहायची. दुसऱ्या फेरीत दम तुटायचा, तरी मान वळायची नाही.

“अगं, पहिली फेरी दुसऱ्याच्या सावलीत काढायची. मागं बैल नाही तुझ्या!” सर ओरडायचे.

“ऐकू येतो, सर,” ती म्हणायची.

तरी सरांनी तिला शिकवलं. दोन वर्षं गेली त्यात. देशातल्या शाळकरी मुलींत ती पहिली आली, पुण्याच्या होस्टेलवर राहायला गेली, स्पाइकचे बूट पायात आले. आणि मग कोरियात आशियातल्या ज्युनिअर मुलींची स्पर्धा झाली तिथं तिनं भारताचा बनियन घालून कांस्यपदक घेतलं. सगळं शिकलेलं विसरून ती पहिल्यापासून पुढं निघाली होती. शेवटच्या वळणावर दोघींनी गाठलं, नाहीतर सोनंच होतं. पारावर मोबाईलवर ती शर्यत बघताना पुंजाराम म्हणाला, “मागं काजळ्या पायजे हुता.” सगळे हसले. त्याला मात्र खरंच तसं वाटत होतं.

दरम्यान शर्यतींवरची बंदी उठली होती. बैलाला औषध द्यायचं नाही, मारायचं नाही, अशा अटी घालून सरकारनं परवानगी दिली. काजळ्या चार-पाच जत्रांत घाटाचा राजा झाला. पुंजाराम तालुक्याच्या बैलगाडा संघटनेचा उपाध्यक्ष झाला, फेटा बांधून स्टेजवर बसायला लागला. मोनिका कोरियाहून आली तेव्हा वेशीत मोठा फ्लेक्स लागला. मधोमध काजळ्या, झूल पांघरलेला. एका बाजूला फेटेवाला पुंजाराम, दुसऱ्या बाजूला पदक घेतलेली मोनिका. खाली लिहिलं होतं, ‘घाटाचा राजा काजळ्या व आंतरराष्ट्रीय धावपटू मोनिका यांचे हार्दिक अभिनंदन’. मिरवणुकीत दोघांच्या गळ्यात सारखेच हार होते. काजळ्यानं आपला हार खाल्ला.

मोनिका तेव्हा हसली होती. बापाच्या मिशीला पीळ पडलेला बघून तिला बरं वाटलं होतं.

पुढच्या चैत्रात ती जत्रेला म्हणून घरी आली. आठवड्याभरानं जागतिक ज्युनिअर स्पर्धेची निवड व्हायची होती. त्यात पहिली आली की जगातल्या पोरींबरोबर पळायचं, आणि तिचं वय बघता ही संधी पुन्हा येणार नव्हती. गावात विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर यायचा तो खालच्या वस्तीला थांबायचा. सुरेखा डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन खेपा घालत होती. निम्मं पाणी काजळ्याच्या अंघोळीला जायचं, कारण जत्रा होती. मोनिकानं आईच्या हातातला हंडा घेतला. पहिल्याच खेपेला खडकावरून पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला.

पुंजाराम घोट्याशी उकिडवा बसला. जनावराचा पाय बघावा तसा त्यानं तो पाय दोन्ही हातांत धरून वळवला, अंगठ्यानं शीर दाबली. त्याच्या हातात गुण होता हे खोटं नाही.

“हाड शाबूत हाय. करंजीच्या तेलानं रगडतो. आन्‌ भिमाजीकडनं कायतरी आनू.”

भिमाजी हा जनावरांच्या दवाखान्यात पूर्वी कंपाउंडर होता. आता स्वतःच पिशवी घेऊन गोठे हिंडायचा.

“आण्णा, औषध नको,” मोनिका म्हणाली. “साधी सर्दीची गोळी घेयची तरी आमाला आदी सरांना इचारावं लागतं. लघवी तपासत्यात आमची.”

“आता गं! बैलाचं बी तपासत न्हाईत आन्‌ मानसाचं तपासत्यात?”

“तपासत्यात. कायबी सापडलं की संपलं सगळं.”

“बरं बाई. न्हाई आनत.”

त्यानं तेलानं पाय रगडला. मोनिका पाय उंच ठेवून पडून राहिली. रोज संध्याकाळी पुंजाराम स्वतःच्या हातानं तिला पितळी पेला भरून दूध आणून द्यायचा, वर तुपाचा थर. आयुष्यात पहिल्यांदा बाप दूध आणून देत होता. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चव बघितली नाही, घटाघटा प्यायली. आपल्या माणसाच्या हातच्या पेल्याची चव कोण बघत बसतं?

घोटा उतरला. विश्रांतीनं उतरला, पण पुंजारामाच्या मते त्याचं श्रेय दुसऱ्याच कशाला होतं. मोनिका गेली आणि निवडीच्या शर्यतीत असं पळाली की टीव्हीवर बोलणारा माणूसही मध्येच थांबला. पहिली फेरी पुढच्या पोरीच्या सावलीत, दुसरी फेरी वाऱ्यावर. जागतिक स्पर्धेचं तिकीट पक्कं झालं. काजळ्यानंही जत्रा मारली होती, तेव्हा वेशीत नवा फ्लेक्स लागला.

तो फ्लेक्स उन्हानं विटायच्या आत इब्राहिम सर मोटारसायकलवरून आले. गाडी दारात आडवी झाली तरी त्यांनी उचलली नाही. मागोमाग एसटीनं मोनिका आली, होस्टेलची सगळी बॅग घेऊन.

“तिच्या तपासणीत औषध सापडलं,” सर ओट्यावर बसून म्हणाले. “मालक, माणसाचं औषधच नाही ते. जनावरांना ताकदीसाठी टोचतात. जागतिक स्पर्धा गेली हातची. आता चार वर्षांची बंदी घालतील.”

पुंजाराम काजळ्याच्या खुरातला खडा काढत होता. त्याचा हात थांबला नाही.

“आमच्या घरी असलं कायबी नस्तं,” तो म्हणाला.

“मी तसं म्हणत नाही. पण हे तिच्या पोटात कुठून गेलं ते सिद्ध करता आलं तर शिक्षा कमी होते. तिला नकळत कुणी दिलं असेल, त्यानं पुढं येऊन सांगायला पाहिजे. काय दिलं, कुठून आणलं, किती दिलं. तेवढ्यावर पोरगी वर्षाच्या आत परत पळेल. नाहीतर चार वर्षं मैदानाचं तोंड बघायचं नाही. एकविसाव्या, बाविसाव्या वर्षी उमेद असते, मालक. ती वर्षं गेली की काय राहतं?”

पुंजारामानं खूर खाली ठेवला, दुसरा उचलला.

गावाला ‘डोपिंग’ हा शब्द नवीन होता. गावानं त्याचं आपल्या सोयीनं भाषांतर केलं. “झंजाडाची पोरगी पुन्यात नशापानी करती” इथपर्यंत गोष्ट दोन दिवसांत पोचली. टँकरवर बायका सुरेखाला आधी पाणी भरू द्यायच्या, कारण तिच्याशी बोलायचं टाळायचं होतं. वेशीतला फ्लेक्स उतरला. पुंजारामानंच तो घरी आणला आणि कडब्याच्या गंजीवर टाकून वर दगड ठेवले. काजळ्याचं तोंड घडीत गेलं. मोनिकाचं पदकासकट वर राहिलं आणि त्यावर उन्हातान्हात कावळे बसायला लागले.

भिमाजी एकदा दुपारचा येऊन गेला. गोठ्यात दोघं हळू आवाजात बोलत होते. जाताना तो मोठ्यानं म्हणाला, “माझं नाव आलं तर तुझ्या काजळ्याचं बी येतंय, पुंजा. आन्‌ तुझ्यासंगं ज्यांचे बैल जुपत्यात त्यांचं बी. घाटाचा राजा म्हून घेतलेले फेटे सगळे उतरवत्याल. इचार कर.” तो गेल्यावर पुंजाराम गाळानं भरलेल्या विहिरीकडं जाऊन आला. काय टाकलं ते कुणी विचारलं नाही.

बाजरी पाखडता पाखडता सुरेखाच्या हातातलं सूप खाली पडलं ते दुसऱ्या दिवशी. मोनिका दाणे गोळा करायला वाकली.

“म्या बगितलं हुतं,” सुरेखा म्हणाली.

“काय?”

“तुज्या दुधात. निळ्या झाकनाची बाटली. काजळ्याला भिमाजी टोचतो ती. त्यांनी चमच्यानं वतली. म्या इचारलं तर म्हनले, टोचायचं ते पेलं तर काय व्हतंय, बैलाच्या निम्मं बी न्हाई दिलं. पोरगी जिंकून येईल म्हनले.”

मोनिकानं हातातले दाणे सुपात टाकले. मग तिनं विचारलं, “तू का न्हाई सांगितलंस?”

“आगं, बाप काय ईख घालतोय व्हय पोरीला? म्या म्हनलं, येवड्या वर्सांनी तुझं कायतरी करतोय तर करू दे.” सुरेखा तोंडात पदर घालून रडायला लागली. “मलाच बरं वाटलं हुतं गं.”

मोनिकाला आईचा राग आला. आणि तो आला याचंही तिला वाईट वाटलं, कारण दूध पिताना तिलाही बरंच वाटलं होतं.

तिनं सरांना फोन लावला, सरांनी वकिलाला जोडलं. सुरेखा उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वकिलाशी बोलली. पदर सावरून, जणू तो समोरच बसलाय.

“औषधाचं नाव काय होतं, बाई?”

“निळ्या झाकनाचं.”

“नाव, नाव. बाटलीवर काय लिहिलं होतं?”

“इंग्रजी हुतं जी. मला कुठलं वाचता येतंय?”

“कुणी दिलं? कधी आणलं? बाटली आहे?”

“बाटली इहिरीच्या गाळात गेली असंल. आनली त्यांनीच. भिमाजी आला हुता.”

वकील मोनिकाला म्हणाला, आईनं पाहिलं म्हणजे पोरीला वाचवायला बोलते असं समिती म्हणेल. दिलं कुणी, त्यानं स्वतः कबूल केलं पाहिजे आणि औषध कोणतं ते सांगितलं पाहिजे. वडिलांना आणा. सुनावणी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मोनिका गोठ्यात गेली. पुंजाराम काजळ्याला खरारा करत होता. काजळ्या आता थोराड झाला होता, मानेवर घट्टे पडले होते. एक-दोन मोसम, मग संपलं. पुंजारामाला ते माहीत होतं. बाटलीची गरज त्यातूनच पडली होती.

“आण्णा, आई बोललीय मला.”

“तिला काय कळतंय?”

“तुमी नुसतं फोनवर खरं सांगा. मी जेलात न्हाई घालत तुमाला. नकळत झालं, चांगल्या मनानं झालं, आसंच सांगायचंय. मी परत पळंन, आण्णा.”

“म्या काय दिलं न्हाई.”

“न्हाई दिलं?”

पुंजारामानं खरारा गव्हाणीवर ठेवला. जवळ आला. तेलकट, शेणानं माखलेला हात त्यानं पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

“तुज्या डोक्यावर हात ठिवून सांगतो, मोने. भैरोबाची आन. तुज्या दुधात म्या कायबी घातलं न्हाई.”

हात जड होता. लहानपणी घाटात उभं करताना तो असाच डोक्यावर ठेवायचा. मोनिकानं तो हात मनगटाला धरून खाली उतरवला आणि काजळ्याकडं बोट केलं.

“आता त्येच्या पाठीवर ठिवून सांगा.”

“आं?”

“काजळ्याच्या पाठीवर हात ठेवा आन्‌ हेच म्हना.”

पुंजारामानं काजळ्याकडं बघितलं. काजळ्या वैरण चघळत होता, कानानं माशा हाकलत होता. हात उचलला गेला, अर्ध्यात थांबला. या भागातला गाडामालक कशाचीही शपथ खाईल, पण बैलाच्या पाठीवर हात ठेवून खोटं बोलणार नाही. बोलला तर बैल घाटात आडवा होतो, अशी सगळ्यांची खात्री आहे. पुंजारामाचा हात खाली आला आणि त्यानं तो धोतराला पुसला.

लेकीच्या डोक्याचं काय होतं, याबद्दल त्या भागात काही समजूत नाही.

“कळलं मला,” मोनिका म्हणाली.

“आगं, ऐक जरा.” तो तिच्या आडवा आला. “म्या सांगितलं तर काजळ्या बाद व्हतो. आजवर जिंकल्यालं समदं जातं. मपल्यासंगं धा मानसं बुडत्यात, गावात तोंड दावायला जागा राहत न्हाई. तू काय, तरनी हाईस. चार वर्सांनी पळशील की परत. बैलाला चार वर्सं कुठं असत्यात?”

तो हे अगदी मनापासून, समजावून सांगत होता. तिला पटेल असं त्याला वाटत होतं. तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

सुनावणीला पुंजाराम बोलला नाही. सरांनी त्याच्या पाया पडून बघितलं, तो शेतात निघून गेला. पौषात सरांचा फोन आला. बंदी पूर्ण लागली होती. सर फोन ठेवेनात, तेव्हा मोनिकानंच त्यांना म्हटलं, “सर, जेवा आता तुमी.”

त्यानंतर ती आईबरोबर दुसऱ्यांच्या रानात कांदा खुरपायला जायला लागली. बूट तिनं फळीवर ठेवले. बापाशी बोलणं कामापुरतं. त्यानं पाणी मागितलं की द्यायची, चहा ठेवायची. पुंजारामाला वाटलं, निवळलं सगळं. माणसाला सोयीचं असतं ते लवकर वाटतं.

माघात जत्रांचा हंगाम उघडला. संघटनेतल्या एकाची घोडी सरावाला मिळायची, ती ऐन वेळेला लंगडायला लागली. काजळ्या घाटाच्या पायथ्याला उभा, पुढं कुणी नाही, जाग्यावरून हलेना. पुंजारामानं शिव्या घातल्या, गोंजारलं, शेवटी कासरा धरून वर बघितलं. देवळाच्या पायऱ्यांवर मोनिका खुरपं घेऊन बसली होती. रानात जायला बायका गोळा व्हायच्या होत्या.

“मोने,” त्यानं खालून हाक मारली. “आगं, जरा पळतीस का पुढं? एकच चक्कर.”

“मला बंदी हाय, आण्णा.”

“बंदी शर्यतीवर हाय,” पुंजाराम म्हणाला. “पळायवर न्हाई.”

त्याच्या तोंडून ते सवयीनं आलं. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मोनिकानं खुरपं पायरीवर ठेवलं, चढ उतरून खाली आली आणि त्याच्या हातातला कासरा घेतला. पुंजारामाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“शाब्बास. आता जा पुढं. म्या सोडतो.”

“तुमी जा पुढं,” ती म्हणाली. “म्या सोडते.”

पुंजाराम हसला. रानात जायला निघालेल्या बायका पायथ्याशी आल्या होत्या, त्याही हसल्या. मग त्यानं तिचं तोंड बघितलं. कासऱ्याचा पीळ तिनं मनगटाभोवतून सोडवून घेतला होता. काजळ्या समोर माणूस बघून मुरूम उकरायला लागला, नाकपुड्या फुगल्या.

“येडी झालीस का काय? मोने, धर त्याला. धर नीट.” बोलता बोलता तो एक पाऊल मागं सरला, मग दुसरं. “सोडू नको हां. पोरी, बाप हाय मी तुजा.”

“व्हय,” मोनिका म्हणाली आणि तिनं कासरा सोडला.

पुंजाराम वळला आणि पळाला. फेटा दहा पावलांत पडला, एक चप्पल मुरमात राहिली. धोतराचा सोगा हातात धरून तो चढावर धापा टाकत होता आणि मागून खुरांचा तोच आवाज जवळ येत होता. बायकांत आता कुणी हसत नव्हतं. सुरेखा तोंडावर हात धरून उभी होती.

त्या घाटात मोनिका इतकी वर्षं पळाली, पण पायथ्याला उभं राहून पुढच्याची पाठ बघायची वेळ तिच्यावर आज पहिल्यांदा आली. अर्ध्या चढावर बापाची मान वळायला लागली तशी तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून खालून हाक दिली.

“मागं बगू नका, आण्णा! देऊळ बगा!”